दादाच्या माशांची राखण

४ मार्च

दादा दुकानातच पडला. चष्म्याची काच घासायला बसला होता. यंत्र फिरत राहिलं आणि हा खाली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका फटक्यात गेली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली असं डॉक्टर म्हणाले. वहिनी दवाखान्यातून हलायला तयार नाहीत. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "वन्सं, घर बघा. आणि ते मासे." मासे म्हणताना त्यांचं तोंड सवतीचं नाव घेतल्यासारखं झालं.

शिलाईचं मशीन, कात्री आणि गिऱ्हाइकाचे अर्धे शिवलेले पडदे घेऊन मी इथे राहायला आले. बाहेरच्या खोलीत खाटेएवढी लांब टाकी आहे. दादा या माशांना रेनबो म्हणतो. पुढून निळे, मागून नारिंगी. दोन वेगळे मासे मध्ये शिवून जोडावेत तसे, पण शिवण दिसत नाही. मी आत आले तर सगळे काचेपाशी गोळा झाले आणि माझ्याकडे बघायला लागले.

"मी दादा नाही," मी म्हटलं. कुणी हललं नाही.

खायला घातलं. बहुतेक जास्तच पडलं.

७ मार्च

दादाला भेटले. त्याला एवढंच येतं, "हो ना." पाणी हवं का, हो ना. नको का, हो ना. दुखतंय का, हो ना. डॉक्टर म्हणतात त्याला सगळं कळतं, शब्द तेवढे सापडत नाहीत. लहानपणी हाच मला अंथरुणात गोष्टी सांगून रडवायचा आणि मग दुसरी सांगून हसवायचा.

त्याने डावा हात चादरीवरून पोहत नेला. मला लगेच कळलं. "मासे मजेत आहेत," मी म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

१२ मार्च

मजेत नाहीत. एका मादीचं पोट खपाटीला गेलं होतं, ती आज मेली. दुसरा एक नर पाठीतून वाकलाय. पोहताना मोडक्या चाकाच्या गाडीसारखा एका बाजूला ओढला जातो.

माशांच्या दुकानाच्या मालकाला फोन केला. दादाची आणि त्याची जुनी ओळख. तो म्हणाला, "ताई, म्हातारेही होतात मासे. पाणी थोडं थोडं बदला, खाणं कमी करा." मग म्हणाला, "पण एक सांगतो. तुमच्या दादांकडे आहेत तसे आता कुठे मिळत नाहीत. माझ्याकडे येतात ते सगळे सरमिसळ. वेगवेगळ्या जातींच्या माद्या सारख्याच दिसतात ना, कुणाच्या टाकीत कोण गेली कळत नाही. दादांनी इतकी वर्षं एकही बाहेरची मादी आत घेतली नाही. हे मेले की संपलं."

"मग मी काय करू?"

"अंडी घ्या. लोकरीचा झुपका सोडा पाण्यात. त्यात घालतात."

लोकर! निदान एक गोष्ट अशी निघाली जी मला येते.

१५ मार्च

हिरवी लोकर उकळून घेतली, रंग जातो का बघितला, मग जाड गोंडा बांधून बुचाला शिवला. घाईत सुई उजव्या हाताच्या मधल्या बोटात गेली. गोंडा टाकीत लावताना खूप चरचरलं. शिवणकाम करणारीला सुईचं काय कौतुक.

पण सकाळचं सांगायलाच हवं. खिडकीतून ऊन टाकीवर आलं आणि मोठ्या नराच्या कपाळावर एकदम पांढरी रेघ पेटली. जणू विजेचं बटण दाबलं. मग दुसऱ्याने पेटवली. दोघे एकमेकांभोवती पंख ताठ करून फिरायला लागले, आणि मादी साधी, मळकट, गोंड्यापाशी जाऊन उभी. नर तिला खेटला, दोघे थरथरले, झालं. मी चहा विसरले. दादा रोज उठल्या उठल्या इथे स्टूल टाकून का बसायचा ते आज समजलं. वहिनींना वाटायचं तो त्यांच्याशी बोलणं टाळतो.

गोंड्यात अंडी आहेत. वाळूच्या कणाएवढी, काचेसारखी, दोऱ्याने चिकटलेली. गोंडा वेगळ्या टबात हलवला, नाहीतर आईबापच खातात म्हणे.

मनाशी एक अट घातली. यातलं एक पिल्लू जगलं तर दादा बोलेल. वेडेपणा आहे, ठाऊक आहे. लिहिलं, म्हणजे फिरवता येणार नाही.

२२ मार्च

अंडी पांढरी पडली, त्यांच्यावर कापूस आला. एकूण एक. टब धुतला. वाकडा नरही गेला.

दादाला आता उपचार केंद्रात हलवलंय. तिथे बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. चित्रं दाखवतात, तोंड कसं करायचं ते दाखवतात. दादाने माशाच्या चित्रावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "सगळे ठणठणीत आहेत रे. मोठा नर तर तुझ्यासारखा शहाणा झालाय." त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. लहानपणी खोटं बोलले की असंच बघायचा.

३० मार्च

दुसऱ्या गोंड्यातून पिल्लं निघाली होती! पाण्याच्या अगदी वरच्या थरात, डोळे आणि एक रेघ, बाकी काही नाही. मी आनंदाने उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घातला. पाणी नासलं. संध्याकाळपर्यंत सगळी तळाशी.

बसून रडले. पडदे तसेच पडून आहेत. ज्या बाईचे आहेत तिचा फोन आला, उचलला नाही.

६ एप्रिल

वहिनी कपडे न्यायला आल्या. मी बाहीपर्यंत भिजलेली, टाकीत हात घालून तळाची घाण काढत होते. दारातच उभ्या राहिल्या.

"माणूस तिकडे आडवा पडलाय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही इकडे माशांची बाळंतपणं करताय."

"त्याच्यासाठीच करते आहे, वहिनी."

"त्याच्यासाठी? संसारात मी त्यांना मुलं देऊ शकले नाही, ती त्यांनी या काचेत वाढवली. आता तुम्हीही सुरू झालात." मग आवाज खाली आणून, "बोटाला काय झालंय?"

"काही नाही. सुई टोचली होती."

"ती मागच्या महिन्यात ना? अजून सुजलंय की."

गल्लीतल्या डॉक्टरांनी मलम दिलंय, म्हटलं. त्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला, पण मी फडकं पिळायला वळले. मला कुणी कीव केलेली खपत नाही, आणि त्यांनी केलेली तर नाहीच.

१८ एप्रिल

बोटावर गाठ आली होती, ती फुटली आणि दुसरी पंजाच्या मागे आली, तिसरी मनगटाशी. वेलीवर कळ्या याव्यात तशा एका ओळीत. दुखत फारसं नाही, पण बोट वाकत नाही. कात्री धरता येत नाही. डॉक्टरांनी मलम बदललं. टाकीच्या कामाला दोन्ही हात लागतात, म्हणून पट्टी सोडून हात घालते. पाण्यात गार वाटतं.

आज दादाकडे मोठी गोष्ट झाली. मी त्याला पाणी पाजायला वाकले आणि त्याने माझ्या पट्टीकडे बघितलं. पट्टीच्या वरची गाठ दिसत होती. त्याचा चेहरा लाल झाला, ओठ वाकडेतिकडे झाले आणि स्पष्ट शब्द आला.

"हात."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनीही. वहिनींनी पदराने डोळे पुसले. "गेले आठ दिवस अवयवच शिकवतेय मी," बाई म्हणाल्या. "म्हणा, हात. पाय. नाक."

"हात," दादा ओरडला. "हात! हात!"

मला वाटलं हात हातात घे म्हणतोय. दिला. त्याने पट्टीवरून बोटं फिरवली आणि माझा हात झिडकारला. पुन्हा टाकीतल्यासारखा आपला हात पोहत नेला, पुन्हा माझ्या मनगटावर मारला. चांगलाच मारला. मग रडायला लागला, "हो ना, हो ना, हो ना," आणि त्याचा रक्तदाब इतका चढला की नर्सने आम्हाला बाहेर काढलं.

२५ एप्रिल

वहिनींचा फोन. "वन्सं, राग मानू नका. तुम्ही येऊन गेलात की ते दिवसभर अस्वस्थ होतात. डॉक्टर म्हणतात थोडे दिवस..."

"येऊ नको म्हणतात."

"थोडे दिवस."

सख्ख्या भावाला मी नकोशी झाले. आणि कारण मला माहीत आहे. त्याला कळलंय. पोहता हात दाखवला आणि मला मारलं, आणखी काय अर्थ असतो? माझे मासे मारलेस, खोटं बोललीस. खरंच आहे ते. अर्धी टाकी रिकामी झालीय. जे उरलेत त्यातल्या दोघांच्या अंगावर जखमा आहेत, एकाचा डोळा बाहेर आलाय.

आता तिकडे जाईन ती जिवंत पिल्लं घेऊनच.

३ मे

दुकानदाराने हिरवं पाणी पाठवलं. उन्हात ठेवलेलं शेवाळलेलं पाणी, त्यात डोळ्याला न दिसणारे जीव असतात, तेच या पिल्लांचं दूध. नवा गोंडा एका हाताने आणि दातांनी बांधला. उरलेल्यांत चांगला असा एकच नर आहे. सकाळी उन्हात त्याने कपाळ पेटवलं, पण समोर लढायला कुणी नव्हतं. काचेतल्या आपल्याच सावलीशी बराच वेळ फिरत राहिला.

पडदेवाली बाई स्वतः येऊन अर्धवट पडदे घेऊन गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

ताप वाटतोय.

१५ मे

जगली! पापणीच्या केसाएवढी पिल्लं, सगळी वरच्या थरात, तोंडं पुढे करून हिरव्या पाण्यात हिंडताहेत. पोटं भरलेली दिसतात. टिचभर टबाला मी दिवसभर प्रदक्षिणा घालते आहे. वेडी झाले आहे आणि त्याचं काही वाटत नाही.

उद्या जाते. कुणी अडवून दाखवावं.

१७ मे

डाव्या हाताने लिहिते आहे. वेळ लागतो. अक्षर वाईट.

काल पिल्लं बरणीत घेऊन गेले. दादा चाकांच्या खुर्चीत, व्हरांड्यात. वहिनी मला बघून उठल्या. मी बरणी त्याच्या तोंडासमोर धरली. "दादा, बघ. जगली रे. तुझीच आहेत, अस्सल."

त्याने बरणीकडे ढुंकून बघितलं नाही. डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. काय ताकद! पट्टी ओढली, सुटेना तर दात लावले. मी ओरडले. वहिनी ओरडल्या, "अहो, काय करताय!" पट्टी सुटली. त्याने माझा हात बघितला आणि त्याच्या तोंडून जो आवाज आला तो मला लिहिता येत नाही.

तेवढ्यात डॉक्टर समोरून जात होते. दादा खुर्चीतून उठला. त्याला उठता येत नाही, तरी उठला. एक पाऊल टाकलं आणि डॉक्टरांच्या कोटाला धरून खाली कोसळला. मला सोडलं नाही. आम्ही दोघे फरशीवर, बरणी फुटलेली.

"हात," तो डॉक्टरांना म्हणाला. मग पाण्याकडे, फुटलेल्या काचांकडे बोट केलं. "हात. हात."

डॉक्टर त्याला उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. माझ्या मनगटापासून बोटापर्यंत त्यांची नजर खाली गेली.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या घरी माशांची टाकी आहे का?"

२० मे

माशांना क्षय असतो. माणसाच्या क्षयाचा चुलतभाऊ. जखमेतून हातात शिरतो आणि तिथेच घर करतो. त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवलाय, पण त्यांना शंकाच नाही. महिनोन् महिने गोळ्या. बोट वाकवणारी जी दोरी असते तिच्या म्यानातही शिरलाय, म्हणून शस्त्रक्रिया. बोट पुन्हा वाकेल का, विचारलं. "आणखी उशीर झाला असता तर पंजाच गेला असता," म्हणाले. मी विचारलं त्याचं हे उत्तर नव्हतं.

म्हणजे पहिल्यांदा "हात" म्हणाला तेव्हापासून तो हेच सांगत होता. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

वहिनींनी मला घरी आणलं, भात कालवून चमच्याने भरवला. मी नको म्हटलं. "गप बसा," त्या म्हणाल्या. "तेव्हा हात दाखवला असता तर."

२४ मे

दुकानदाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या धंद्यात हे माहीत असतं, ताई. फोनवर तुम्ही मासे वाकडे झाले म्हणालात, तेव्हाच मी येऊन बघायला हवं होतं." मग म्हणाला, "टाकीतले सगळे संपवावे लागतील. वाळू, झाडं, जाळ्या, सगळं फेका."

"टबात पिल्लं आहेत अजून. थोडीशीच नेली होती मी. ती तर नवीन आहेत, त्यांना काय झालंय?"

"त्याच पाण्यातल्या अंड्यांची आहेत. असेल, नसेल. वर्षभर कळणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर ठेवली नसती. पण मासे दादांचे आहेत."

वर्षभरानेच तर यांना रंग चढतो.

२६ मे

दादाकडे गेले. तो मला बघून हसला. एका बाजूनेच हसू येतं, पण येतं. मी त्याला सगळं खरं सांगितलं. किती मेले, कसे मेले, काय उरलंय. मग विचारलं, "मोठ्यांचं करावंच लागेल. पिल्लं ठेवू का? हातमोजे घालीन. वहिनी सांभाळतील. ठेवू?"

"हो ना," तो म्हणाला.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण त्याने जोरात मान हलवली. तो शब्द त्याने म्हटला नव्हता, तोंडातून निसटला होता. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा "हो ना". खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटली. बाई पुढे झाल्या, "सावकाश, सावकाश." मी म्हटलं, "राहू दे दादा, मला कळलं." त्याने हाताने मला थांबवलं. तोंड उघडलं, जीभ टाळूला लावली, काढली, पुन्हा लावली. घाम आला त्याला.

"नाही," तो म्हणाला.

बाईंनी या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. खाली बघत होत्या.

"पिल्लंही नाही?"

"नाही."

पहिल्यांदाच मनातलं आणि तोंडातलं जुळलं त्याचं.

२७ मे

लवंगेचं तेल पाण्यात घोळून घातलं की मासे आधी झोपतात. मला पाण्यात हात घालायची मनाई आहे, म्हणून मी स्टुलावर बसून सांगत होते आणि वहिनी करत होत्या. कोपरापर्यंत हातमोजे, पदर खोचलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी या टाकीत हात घातला असेल.

"आता आणखी थोडं," मी म्हटलं.

"आणखी? पुरे झालं ना?"

"नाही, वहिनी. अर्धवट ठेवणं वाईट."

शेवटचा नर सगळ्यांच्या नंतर आडवा झाला. खोलीभर लवंगेचा वास भरला होता. वहिनी म्हणाल्या, "मागून नारिंगी असतो हे मी कधी बघितलंच नव्हतं. मला सगळे निळेच वाटायचे."

मग टब. तो मी पाहिला नाही. त्यांनी मला स्वयंपाकघरात पाठवलं आणि एकट्यांनी केला. आल्या तेव्हा ओले हातमोजे कोपरापर्यंत चिकटले होते, सुटेनात. मी डाव्या हाताने ओढून काढले.

८ जून

शस्त्रक्रिया झाली. बोट सध्या खिळ्यासारखं ताठ. टाके काढल्यावर व्यायाम. "होईल" असं कुणी म्हणत नाही, "बघू" म्हणतात.

२१ जून

दादा घरी आला. दुकानातल्या दोघांनी खुर्ची उचलून पायऱ्या चढवली. बाहेरच्या खोलीत भिंतीवर टाकीच्या मापाचा स्वच्छ चौकोन आहे, बाकी भिंत मळकी. दादाने त्याच्याकडे बघितलं. मग त्याने खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं आणि जेवणाची वेळ होईपर्यंत तसाच बसून राहिला. मी दोनदा जवळ गेले. दुसऱ्यांदा खिडकीचा पडदा सारून परत आले.

जेवताना वहिनी म्हणाल्या, "वन्सं, परत जाऊ नका इतक्यात. मशीन त्या भिंतीशी लावू या."

"कशाला? हात कुठे चालतोय."

"तुमचा नाही चालत. माझे दोन चालतात. तुम्ही सांगा, मी शिवते."

"वहिनी, तुम्हाला उशीचा अभ्रा येत नाही."

"म्हणून तर म्हटलं सांगा."

२४ जून

मशीन भिंतीशी लावलं. पडदेवाल्या बाईला फोन केला. पडदे अजून तसेच आहेत तिच्याकडे, दुसरी कुणी मिळाली नाही. उद्या पाठवते म्हणाली.

आज वहिनींना जुन्या चादरीवर सरळ शिवण घालायला बसवलं. दादा शेजारी खुर्चीत. पायाने वेग धरायचा आणि हाताने कापड फक्त सोडायचं, ओढायचं नाही, असं मी सांगत होते. त्यांनी ओढलं. शिवण भुईचक्रासारखी फिरली. दोरा तुटला. दुसऱ्यांदा ओढलं. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "माझ्यावर ओरडू नका, मी काय तुमची पोरगी आहे?" दादा एका बाजूने हसला.

उसवायला सांगितलं. उसवली. पुन्हा घातली, ती थोडी कमी वाकडी आहे.